कुणाच्या बाजूनं आलं

दुकान रविवारी बंद असायचं, म्हणून घरातली महत्त्वाची भांडणं रविवारी व्हायची. इतर दिवशी पडद्यापलीकडे गिऱ्हाईक उभं असायचं, आणि गिऱ्हाइकाच्या कानावर घरचा आवाज जाऊ द्यायचा नाही हा नियम होता. त्याहून जुना नियम आणखी एक होता. माणसाच्या अंगाविषयी माणसाशी बोलायचं नाही. एक खांदा उतरता असला तर आतून पॅड लावावं. पाठीला पोक असलं तर मागच्या भागाला कापड जास्त सोडावं. पोट सुटलं असलं तर बटण मुकाट्यानं सरकवावं. गिऱ्हाइकानं आरशात बघून खूश व्हावं. का खूश झालो हे त्याला कळू नये. तीन पिढ्या या मुकाटपणावर जेवल्या होत्या, आणि चांगल्या जेवल्या होत्या.

त्या रविवारी दुपारी सगळे कटिंगच्या टेबलाभोवती बसले होते. घरात जेवायचं टेबल होतं, पण त्यावर चौघंच मावत. कटिंगचं टेबल भिंतीपासून खिडकीपर्यंत पसरलेलं. वाटणीची बोलणी याच टेबलावर झाली होती आणि मोडलेली वाटणी परत जुळली तीही इथंच. कडेचं लाकूड हातांनी आणि पोटांनी घासून गुळगुळीत झालं होतं.

मास्तरणीला पहिल्यांदा कळलं ते या कडेमुळेच. मास्तरीण म्हणजे बाबांची एकुलती मुलगी, वय बत्तीस. कापडावर कात्री तीच चालवायची म्हणून घरात मास्तरीण, गल्लीत मास्तरीण, आणि लग्नानंतर नवऱ्याच्या तोंडीही मास्तरीणच. मोठ्या पन्ह्याचं कापड कापताना टेबलावर ओणवं व्हावं लागतं. तसं ओणवं होताना डाव्या बाजूला काहीतरी कडेला लागतंय असं तिला वाटायला लागलं. आधी तिनं टेबलाला दोष दिला. मग ओळखीच्या डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, “या वयात अशा गाठी येतात नि जातात. शेकत जा.” ती शेकत गेली. दुकानात इस्त्री कायम तापलेली असायची, फडकं गरम करायला वेगळा खर्च नव्हता. शेकून शेकून गाठ जायच्या ऐवजी मोठी झाली, तेव्हा ती मोठ्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “इतके महिने काय करत होतात?”

“शेकत होते,” मास्तरीण म्हणाली.

तर तिला छातीचा कॅन्सर झाला होता. घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक होऊन दीड महिना झाला होता आणि अजून कुणी तो शब्द उच्चारला नव्हता. काकू ‘ते’ म्हणायची. काका ‘तब्येत’ म्हणायचे. बाबा काहीच म्हणत नव्हते, फक्त रोज सकाळी तिची कात्री स्वतः धार लावून ठेवायचे.

येत्या गुरुवारी तिची केमो सुरू व्हायची होती. त्यानंतर आपल्यात भांडायचा जोर राहील की नाही याचा भरवसा नाही, असं वाटून तिनंच सगळ्यांना आज बसा म्हणून सांगितलं होतं. नवऱ्याला मुद्दाम बोलावलं नव्हतं. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, आणि अडकलेल्या माणसांशी कसं बोलायचं हे त्याला चांगलं येत असलं तरी सासरच्या माणसांपुढे त्याची दातखीळ बसायची.

पण बसण्याआधीच एक प्रकार झाला.

ती आत आली तशी काकूनं तिला माजघरात गाठलं आणि पदराआडून एक कागदी पिशवी तिच्या हातात कोंबली. “कुणाला दाखवू नकोस,” काकू म्हणाली. आत अंगाच्या रंगाच्या अस्तरात शिवलेला एक मऊ गोळा होता. कापूस भरलेला. शिवण इतकी बारीक की बोटाला लागत नव्हती.

जिन्यापाशी काका उभे होते. त्यांनी खाकरून खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. “कोटाच्या खांद्याचा स्पंज आहे,” ते म्हणाले. “चार थर दिलेत. दबत नाही.”

तिच्या शिलाई यंत्रावर बाबांनी आधीच एक ठेवून दिलं होतं, पातळ कागदात, गिऱ्हाइकाचा माल ठेवतात तसं. सॅटिनचं, आत बकरम, उसवून धुता येईल असं. आणि आईनं तर एक अख्खी बनियन शिवली होती, डाव्या बाजूला आतून खिसा असलेली. “बाकीचे काही ना काही देतीलच,” आई म्हणाली. “ठेवायला जागा हवी.”

माप कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी नजरेनं घेतलं होतं, आणि सगळ्यांचं बरोबर होतं. याचा राग मानावा की अभिमान, हे मास्तरणीला काही ठरवता आलं नाही. ऑपरेशन होतं चार-सहा महिन्यांनी. डॉक्टरीणबाई आधी औषधं देऊन गाठ लहान करणार होत्या, कापायचं किती ते मग ठरायचं होतं. पण तिच्या घरच्यांनी मालाची सोय करून ठेवली होती.

तिनं ते सगळं टेबलावर एका ओळीत मांडलं.

“हे काय दुकान मांडलंस?” काकूचा चेहरा उतरला. मग तिची नजर ओळीवरून फिरली. “आणि हा स्पंज कुणाचा? हा उन्हाळ्यात अंगाला चिकटेल.”

“कापूस गोळा होईल, त्याचं काय?” काका म्हणाले. “दोन धुण्यांत दगड.”

“तुम्ही कधी धुतलाय कापूस?”

“बकरम आहे म्हणून आकार धरेल,” बाबा हळूच म्हणाले. दीड महिन्यातलं त्यांचं या विषयावरचं हे पहिलंच वाक्य.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आत्या चष्मा नाकावर ओढून चिमणीच्या लग्नातल्या पांढऱ्या झग्याची खालची दुमड हातानं घालत होती. आत्या बाबांची आणि काकांची थोरली बहीण, चौसष्ट वर्षांची, या घरातला सगळ्यात चांगला हात. तिनं काहीच शिवून आणलं नव्हतं. चिमणी तिच्याशेजारी बसून झग्याचा घेर सावरत होती. ती काका-काकूंची मुलगी, पंचविशीतली. दोन महिन्यांवर लग्न आलेलं. चिमणी बोलायला कमी, म्हणून तिचं हे नाव काही तिला शोभायचं नाही, पण एकदा पडलेलं नाव उसवत नाही.

“झालं का फिटिंग?” मास्तरीण म्हणाली. “मला दुसरंच बोलायचंय.”

काकूनं कापसाचा गोळा ओळीतून उचलून मांडीवर घेतला.

“डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासलं. एवढ्या लहान वयात झालं म्हणून. त्यात एक दोष निघाला. तो घराण्यातून येतो. ज्याच्यात असेल त्याला होईलच असं नाही, पण व्हायची भीती फार. आधी कळलं तर लक्ष ठेवता येतं, उपाय करता येतात. म्हणून बाकीच्यांनी रक्त द्यायचं. बाबांनी, काकांनी आणि चिमणीनं.”

“चिमणीनं?” काकू म्हणाली. “चिमणीचा काय संबंध?”

“माझ्या बाबांच्या भावाची मुलगी आहे ती.”

“अगं, पण ते आईकडून येतं. बायकांचं दुखणं बायकांकडून येतं. सगळ्या जगाला माहीत आहे.”

“बापाकडूनही येतं, काकू. मी तीनदा विचारलं.”

“पुरुषाच्या अंगात ती वस्तूच नाही,” काका म्हणाले, “तर तो देणार कुठून? दुकानात नाही तो माल विकायचा कसा?”

“गोदामात असतो, काका. दुकानात मांडलेला नसतो.”

काका विचारात पडले. धंद्याच्या भाषेत सांगितलेली गोष्ट त्यांना नेहमी अर्धी पटायची.

काकू तशी हार जाणारी नव्हती. तिनं आईकडे तोंड वळवलं. या दोघी जावांचं वाटणीच्या वेळी फाटलं होतं, मग शिवलं गेलं होतं, पण टाका बाहेरून दिसायचा. “ताई, राग मानू नका,” काकू म्हणाली. काकूनं असं म्हटलं की पुढचं राग येण्याजोगंच असायचं. “पण तुमच्या त्या मावशी नाही का गेल्या, तरुणपणी?”

“ती जिन्यावरून पडली,” आई म्हणाली.

“पडल्या. पण का पडल्या? चक्कर आली असणार. चक्कर कशानं आली?”

“जिना ओला होता.”

“तेव्हा कुणाला काय कळत होतं, ताई! लोक आपले म्हणायचे, जिना ओला.”

मास्तरणीनं बाबांकडे पाहिलं. बाबा टेबलावरची खडूची रेघ अंगठ्यानं पुसत होते. ती रेघ कधीच पुसली गेली होती. तिला वाटलं, आता हे बोलतील. पण बोलली ती आई.

“असेल माझ्याकडूनच,” आई म्हणाली. “कुणाकडून तरी आलंच आहे, तर माझ्याकडून आलं म्हणा. मिटवा.”

आणि मिटलं. खरोखरच मिटलं. काकूनं सुस्कारा सोडला. काकांनी किटलीवरचं झाकण काढून चहा आहे का पाहिलं. बाबांचा अंगठा थांबला. काकूनं तर उठून आईच्या खांद्यावर हात ठेवला, वाटणीनंतर पहिल्यांदा. “तुमचं मन मोठं, ताई,” ती म्हणाली, आणि ते तिनं अगदी मनापासून म्हटलं. घरात कसं शांत, प्रेमळ वातावरण पसरलं. चिमणीचं लग्न ठरल्या दिवशी होणार होतं, आणि चिमणीच्या अंगात काय आहे ते कुणी बघणार नव्हतं.

मास्तरणीला आईची ही खोड माहीत होती. घरात काही फुटलं, जळलं, हरवलं की आई म्हणायची, माझ्याच हातून झालं असेल. अर्धी भांडणं तिनं अशी विझवली होती.

“आई,” ती म्हणाली, “तुझ्यात नाहीये.”

“तू गप्प बस.”

“तू माझ्याबरोबर येऊन रक्त दिलंस. तुझ्यात तो दोष नाही. तुला बाईंनी समोर बसवून सांगितलं.”

“मी तुला सांगू नको म्हटलं होतं ना!” आई एकदम चिडली. कानकोंडी होऊन तिनं सगळ्यांकडे पाहिलं. तिच्या रक्तात काही सापडलं नव्हतं आणि चोरी उघडकीस यावी तसा तिचा चेहरा झाला होता. “उगाच ह्यांच्या जिवाला घोर. म्हणून म्हटलं.”

“तपासणीत चुका होतात,” काकू म्हणाली, पण तिचा हात आईच्या खांद्यावरून निघाला होता.

“म्हणजे माझ्याकडून,” बाबा म्हणाले.

काकांनी किटलीवर झाकण परत ठेवलं.

“पण आमच्याकडे कुणाला झालेलं नाही,” बाबा पुढे म्हणाले. त्यांचा आवाज बिल चुकलंय म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासारखा झाला होता, नम्र आणि हट्टी. “मला आठवत नाही.”

“आजी?” मास्तरीण म्हणाली. “आजी कशानं गेली?”

“आईच्या छातीत पाणी झालं होतं.”

“पाणी,” काका म्हणाले. आई गेली तेव्हा ते चार वर्षांचे होते. पाण्याची गोष्ट त्यांनी आयुष्यभर सांगितली होती. शाळेत सांगितली होती, बायकोला सांगितली होती, विमा काढताना सांगितली होती. “दोन्हीकडे पाणी भरलं. तेव्हा उपाय नव्हता.”

“हो ना,” काकू म्हणाली. “पाणी काय, कुणालाही होतं. बरं, आता चहा...”

“आत्या,” चिमणी म्हणाली.

चिमणीनं घेर सोडला नव्हता. तिचं लक्ष कापडावरच होतं. आवाजही असा की पडद्यापलीकडच्या बाईला विचारावं, हे कधी हवंय, कशाबरोबर घालणार.

“आत्या, आजीचे शेवटचे कपडे कुणी शिवले?”

आत्याची सुई दुमडीत गेली आणि वर आली. “मी.”

“तू तर तेव्हा चौदाची असशील.”

“चौदाची पोर यंत्रावर बसते. पाय पुरले की झालं.”

“आजोबांनी का नाही शिवले? ते मास्तर होते.”

“त्यांना जमलं नाही.” आत्यानं थोडा विचार केला. कामाच्या बाबतीत कुणाला उगाच कमी लेखणं तिला आवडायचं नाही. “शिवायला जमलं असतं. बघायला जमत नव्हतं.”

“चिमणे, ऊठ,” काकू म्हणाली. “कप आण.”

चिमणी उठली नाही. “नवे शिवलेस की होते तेच आल्टर केलेस?”

“होते तेच. नवे कुणी घेतं का, अशा वेळी?”

“काय केलंस?”

आत्यानं दोरा दातानं तोडला. नवा ओवायला सुई उजेडात धरली. इतकी वर्षं झाली, कुणी तिला विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. पण हा प्रश्न कामाचा होता, आणि कामाच्या प्रश्नाला आत्या उत्तर द्यायची.

“उजवीकडचे छातीचे टक्स उसवले. बाजू सपाट केली. मग तिला बाहेर जायचं असलं की बरं दिसेना, म्हणून आतून खिसा दिला. मास्तरणीच्या आईनं दिलाय तसाच. खिसा बरोबर आहे तिचा,” ती मास्तरणीच्या आईकडे बघून म्हणाली.

“आणि भरलं काय?”

“आधी कापूस. पण कापूस हलका. हात वर केला की सगळा वर सरकायचा, गळ्याशी यायचा. एकदा रस्त्यात तसं झालं. ती घरी येऊन बसली ती बाहेर पडेना. मग मी तळाला मोहरी घातली, फडक्यात आवळून. वजन लागतं. वजन असल्याशिवाय अंग मानत नाही.” सुई ओवली गेली. “मग बसलं.”

काकूनं हातातला कापसाचा गोळा हळूच टेबलावर ठेवला. काका त्यांच्या स्पंजाकडे पाहत होते.

“पाणी नव्हतं?” काकांनी विचारलं. पंचावन्नाला टेकलेला माणूस. पण विचारलं ते चार वर्षांच्या पोरानं.

“नव्हतं रे. कापून काढलं होतं, परत आलं. वडिलांनी पाणी म्हणून सांगितलं. ‘छातीत’ एवढंच त्यातलं खरं.”

“अक्का,” बाबा म्हणाले, “तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू विचारलं नाहीस. आपल्यात विचारत नाहीत.”

हा नियम बाबांनीच दुकानातल्या प्रत्येक नव्या कारागिराला शिकवला होता. ते उठले, खिडकीपाशी गेले, परत आले आणि बसले. मास्तरणीला आजवर वाटायचं, बाबा गप्प असतात कारण त्यांना सगळं माहीत असतं. आज तिला दिसलं की त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांचा तिला पहिल्यांदा राग येईनासा झाला.

काकू मात्र सावरली. काकू नेहमी सगळ्यात आधी सावरायची. “बरं. झालं ते झालं,” ती म्हणाली. “त्यांना होतं, हिला झालं, वाईट झालं. पण दोन महिन्यांवर लग्न आहे. त्या घरची माणसं किती चिकित्सक, झग्याच्या कापडाचा नमुना मागवला त्यांनी. त्यांच्या कानावर गेलं की मुलगी दवाखान्यात रक्त तपासायला गेली, तर? लग्न होऊ दे. मग काय तपासायचं ते तपासा. दोन महिन्यांनी काय होतंय?”

“मी चार महिने शेकत होते, काकू,” मास्तरीण म्हणाली.

काकूला मास्तरीण आवडायची. हीच अडचण होती.

चिमणीनं झग्याचा घेर टेबलावर नीट ठेवला, बोटांना लागलेली खडूची भुकटी झटकली आणि फोन काढला. काय करतेय हे कळेपर्यंत पलीकडून आवाज आला होता. फोन तिनं टेबलाच्या मधोमध ठेवला. होणारा नवरा जमीन मोजणीच्या खात्यात होता, सावकाश आणि स्पष्ट बोलायचा.

“अरे ऐक,” चिमणी म्हणाली. “माझ्या आजीला छातीचा कॅन्सर होता. आत्ताच कळलं. मास्तरीणताईलाही झालाय. घराण्यातला दोष आहे, माझ्यातही असू शकतो. मी रक्त तपासून घेणार आहे.”

शब्द बोलला गेला. छत जागेवर राहिलं.

“बरं,” पलीकडचा आवाज म्हणाला. “म्हणजे तुला झालेला नाही?”

“नाही.”

“होऊ शकतो?”

“दोष असला तर होऊ शकतो. नसला तर इतरांना असते तेवढीच भीती.”

“बरं,” तो पुन्हा म्हणाला. वाईट माणूस नव्हता. घाबरला होता आणि जमिनीचा मोजलेला कोपरा सोडून कुठे पाऊल टाकायचं ते त्याला सुचत नव्हतं. “असं करू का, मी आधी आईला विचारतो.”

“काय विचारतोस?”

“हेच. तपासणी करायची का आत्ता, की...”

“विचार,” चिमणी म्हणाली आणि फोन उलटा करून ठेवला. मास्तरणीनं तिचा हात आपल्या हाताखाली घेतला. आधार म्हणून.

सगळे काकूकडे पाहू लागले. काकूच्या मनासारखं झालं होतं. त्या घरचा माणूस स्वतःच थांबा म्हणत होता.

“आईला?” काकू म्हणाली.

“अगं, चिकित्सक आहेत म्हणालीस ना,” काका म्हणाले. “मग विचारू दे...”

“माझ्या मुलीच्या रक्ताचं त्याच्या आईला काय विचारायचं?” काकूचा आवाज रविवारला शोभेलसा चढला. “कापडाचा नमुना मागितला, दिला. आता रक्ताला परवानगी? ती कोण लागून गेली?”

“पण तूच तर नको म्हणत होतीस!”

“मी म्हणत होते. मी तिची आई आहे. मी नको म्हणेन, नाहीतर घेऊन जाईन.” ती मास्तरणीकडे वळली. “कधी जायचं?”

“गुरुवारी मी जाणारच आहे. सकाळी. ते आधी बसवून समजावून सांगतात, मग रक्त घेतात.”

“उपाशीपोटी का?”

“नाही. खाऊन चालतं.”

“मग ठीक आहे. उपाशी असली की ही चिडचिडी होते.” काकूनं आईकडे पाहिलं. मघाचा हात परत ठेवायचा की नाही याचा तिनं अंदाज घेतला आणि ठेवला नाही, पण म्हणाली, “ताई, त्या मावशींचं मनावर घेऊ नका. जिना ओलाच असणार.”

“होता,” आई म्हणाली.

काका मघापासून दंडावरून हात फिरवत होते. “सुई मोठी असते का गं?” त्यांनी मास्तरणीला विचारलं.

“काका, तुमचं आयुष्य सुईवर गेलं.”

“ती दुसऱ्याच्या कापडात जाते,” काका म्हणाले.

बाबांनी घसा साफ केला. “गुरुवारी दुकान बंद ठेवू,” ते म्हणाले. “कुणी विचारलं तर...” त्यांनी जरा दम घेतला. “विचारलं तर सांगू.” आणि एवढं बोलून ते थकले.

मास्तरीण बोटांवर माणसं मोजायला लागली. बाबा, काका, चिमणी. गाडीत सोबत काकू. नवऱ्याला सांगून मोठी गाडी मागवावी लागेल. केमोची भीती तिला अजून वाटत होतीच. पण गुरुवारच्या सकाळी आपण त्या लांब वऱ्हांड्यात एकट्या बसणार नाही एवढं आता नक्की होतं.

“आणि मी,” आत्या म्हणाली.

तिची सुई थांबली होती. या घरात आत्याची सुई बोलताना थांबत नसे.

“तू कशाला, अक्का?” बाबा म्हणाले. “या वयात...”

“वयाचं काय? तुम्ही दोघं तिच्या पोटचे, आणि मी काय बाजारातून आणलेली?”

मास्तरणीनं डॉक्टरीणबाईंपुढे घरातल्या सगळ्यांची नावं घेतली होती. आत्याचं सोडून. आत्या घरात इतकी मुरलेली होती की ती कुणाच्या रक्ताची आहे हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आत्यानं लग्न का केलं नाही, याचं घरात एक ठरीव उत्तर होतं. तिला कुठल्याच मुलाची कॉलर पसंत पडली नाही. हे सगळे हसत सांगायचे, आत्याही हसायची. आता ती चष्मा काढून झग्याच्या अस्तरानं पुसत होती, जे तिनं दुसऱ्या कुणाला करू दिलं नसतं.

“आई छत्तिसाव्या वर्षी गेली,” ती म्हणाली. “मला वाटलं, माझंही तसंच होणार. मग कशाला कुणाचं घर मांडायचं आणि मोडायचं? म्हणून स्थळं परतवत गेले. छत्तीस झाले. मग म्हटलं, चाळिशीत होईल. मग पन्नाशीत. रोज आंघोळीच्या वेळी बघते. अजून तर नाही.” तिनं चष्मा लावला. “हे असं एका तपासणीत कळतं, हे कुणी मला आधी सांगायला हवं होतं.”

“तेव्हा ती तपासणी नव्हती, आत्या,” चिमणी म्हणाली.

“नव्हती. तुला आहे. म्हणून तू जा.”

मग बाबांनी, ज्यांना आज एकदा विचारायची सवय लागली होती, आणखी एक प्रश्न विचारला.

“आणि अक्का, तुझ्यात नाहीच निघालं तर?”

आत्यानं सुई पुन्हा दुमडीत घातली.

“तर मग बघा एखादं स्थळ.”

हसायचं की रडायचं, हे टेबलाभोवती कुणालाच ठरवता येईना. मास्तरणीनं आईकडे पाहिलं, आईनं बाबांकडे, बाबांनी टेबलाकडे. फक्त काकू पुढे सरकून बसली.

“वन्सं,” ती म्हणाली, “नोकरीतला बघू, की धंद्यातला?”